उंच स्वाराची डोंगरी सायकल : माप कशाचे घ्यावे?

'हाफ पायडल' म्हणजे काय, हे घरातील वडील माणसांना एकदा विचारून पाहा. घरात एकच सायकल असे, तीही मोठ्यांची, २२ इंची. सीटवर बसले तर पाय पोचत नसत. मग दांड्याखालच्या त्रिकोणातून एक पाय पलीकडे घालून, अंग वाकडे करून, अर्धे अर्धे पायडल मारत मुले सायकल शिकत. सायकल मोठी आणि स्वार लहान, अशी त्यांची अडचण होती.

आज आपण नेमकी उलट अडचण पाहणार आहोत. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एखादा उंच मुलगा किंवा मुलगी असेलच. त्याने डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक, घेतली. चालवताना गुडघे हँडलजवळ येतात, पाठ कमानीसारखी वाकते आणि तासाभरात गुडघे दुखू लागतात. दुकानात तक्रार केली की उत्तर ठरलेले असते : "सीट वर करून घ्या, झाले काम!" खरोखर एवढ्याने काम होते का? एक टेप, एक जाड पुस्तक आणि थोडी त्रिकोणमिती घेऊन आपण हे तपासू.

इंच कशाचे?

पहिला घोटाळा 'इंच' या शब्दाचाच आहे. जुन्या काळ्या सायकलींना २२ इंची किंवा २४ इंची म्हणत, ते माप सांगाड्याचे, म्हणजे फ्रेमचे होते. पेडलांचा आस ज्या ठिकाणी बसवलेला असतो त्याच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची ही लांबी. त्या सायकलींची चाके मात्र २८ इंची असत. याउलट आज दुकानात '२६ इंची', '२७.५ इंची' किंवा '२९ इंची' डोंगरी सायकल म्हणतात, तेव्हा ते माप चाकाचे असते. २९ इंची चाकांची सायकल १७ इंची सांगाड्याचीही असू शकते आणि २१ इंची सांगाड्याचीही. म्हणून 'मी उंच आहे, मला २९ इंची द्या' ही मागणी अपुरी ठरते.

चाकांच्या आकड्यांतही एक गंमत आहे. टायर ज्या कडेवर बसतो, त्या रिमवरील जागेचा व्यास २९ इंची चाकात ६२२ मि.मी. असतो. जुन्या काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकात तो ६३५ मि.मी. असे. म्हणजे २९ इंचीची रिम २८ इंचीपेक्षा लहान! डोंगरी सायकलीचा टायर जाड असतो, त्यामुळे चाकाचा बाहेरचा व्यास वाढतो आणि आकडा मोठा होतो.

डोंगरी सायकलीचा सांगाडा

या सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या मरीन परगण्यात झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून कच्च्या रस्त्याने भरधाव खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी 'रीपॅक' नावाच्या उतारावर पहिली शर्यत घेतली. एका उतरणीत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून उताराला हे नाव पडले. जुने सांगाडे हा मार सोसत नाहीत असे दिसल्यावर १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवा सांगाडा बनवला.

खडकाळ वाटेवर स्वाराला अचानक पाय टेकून उभे राहावे लागते. त्या वेळी वरची नळी मांड्यांच्या मध्ये लागू नये म्हणून ती मागे उतरती करण्यात आली. साहजिकच सीटखालची नळी आखूड झाली. आता तर बटण दाबताच सीट खाली जावी अशी सोय असलेले दांडेही मिळतात, आणि त्यांच्यासाठीही ही नळी आखूड ठेवतात. म्हणजे ज्या नळीवरून आपण पूर्वी सायकलचे माप सांगत होतो, ती नळी आता स्वाराच्या उंचीबद्दल फारसे काही सांगत नाही. मग माप घ्यायचे तरी कशाचे?

आधी स्वतःचे माप घ्या

अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा. पावलांमध्ये साधारण वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटवर बसल्यासारखे घट्ट लागेपर्यंत वर सरकवा. पुस्तकाची एक कड भिंतीला टेकलेली असू द्या, म्हणजे ते आडवे राहील. मित्राला पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सांगा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे तुमच्या पायाची आतली लांबी. माप तीनदा घ्या आणि सरासरी काढा. शिंप्याने विजारीसाठी घेतलेले माप येथे चालत नाही, कारण विजार अंगाला इतकी घट्ट लागत नाही.

या लांबीला ०.८८३ ने गुणले की पेडलांच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या पाठीपर्यंतची उंची मिळते. हे सूत्र ग्रेग लेमाँड या प्रसिद्ध शर्यतपटूच्या नावाने ओळखले जाते. १९६७ साली हॅम्ले आणि टॉमस या संशोधकांनी स्थिर सायकलवर प्रयोग करून दुसरा नियम दिला : सीटपासून सर्वांत खालच्या स्थितीतील पेडलपर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के असावे.

दोन्ही नियम ताडून पाहू. पायाची आतली लांबी ९० सें.मी. असेल, तर पहिल्या नियमाने सीटची उंची ७९.५ सें.मी. येते. त्यात १७.५ सें.मी. लांबीचा क्रँक मिळवला की ९७ सें.मी. होतात. दुसऱ्या नियमाने ९८.१ सें.मी. येतात. फरक सुमारे एका सेंटिमीटरचा. सुरुवातीला दोहोंपैकी कोणताही नियम वापरावा आणि मग गुडघ्याकडे पाहावे. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हावा, आणि पावलाचा पुढचा भाग ठेवला तर गुडघ्यात किंचित बाक राहावा.

उंची सारखी, सायकल निराळी

आता दोन स्वार घ्या. दोघांचीही उंची १८८ सें.मी. आहे. पहिल्याच्या पायाची आतली लांबी ९२ सें.मी. आहे आणि दुसऱ्याची ८४. सूत्राप्रमाणे पहिल्याची सीट ८१.२ सें.मी. उंच हवी आणि दुसऱ्याची ७४.२. हा झाला ७ सें.मी. चा फरक. पण उरलेले शरीरही पाहा. पहिल्याचे धड व डोके मिळून ९६ सें.मी., दुसऱ्याचे १०४ सें.मी. म्हणजे ज्याची सीट खाली हवी, त्यालाच हँडल अधिक लांब हवे!

म्हणून सायकलची दोन निरनिराळी मापे पाहावी लागतात. पेडलांच्या आसाच्या मध्यातून सरळ वर एक उभी रेषा कल्पा. हँडलचा दांडा ज्या आखूड नळीत फिरतो, तिच्या वरच्या तोंडाचा मध्य या रेषेपासून आडव्या दिशेने जितका पुढे असतो, त्या अंतराला 'रीच' म्हणतात. तोच मध्य पेडलांच्या आसापासून उभ्या दिशेने जितका वर असतो, ते 'स्टॅक'. हल्लीच्या डोंगरी सायकलींत मध्यम मापाचा रीच ४५ सें.मी. च्या आसपास आणि खूप मोठ्या मापाचा ५० सें.मी. च्या आसपास असतो. उभे राहून पेडल मारताना शरीराला किती जागा मिळेल, हे रीचवरून कळते. बसल्यावर किती वाकावे लागेल, हे सीटपासून हँडलपर्यंतच्या आडव्या अंतरावर आणि स्टॅकवर ठरते.

सीट नुसती वर केली तर?

आता दुकानदाराच्या उत्तराकडे वळू. लहान सांगाड्यावर सीट वर केली की पायांची सोय होते, हे खरे. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट तरफेची. सीटचा दांडा नळीत १५ सें.मी. आत आणि १५ सें.मी. बाहेर आहे असे समजा. सीटवर मागच्या दिशेने जेवढे बल पडेल, तेवढेच बल दांड्याचे खालचे टोक नळीच्या भिंतीवर लावील. दांडा फक्त १० सें.मी. आत आणि ३० सें.मी. बाहेर ठेवला, तर ते बल तिप्पट होईल आणि नळीच्या तोंडाशी चौपट बल येईल. दांडा वाकणे किंवा नळीला तडा जाणे ते यामुळेच. दांड्यावर एक आडवी खूण कोरलेली असते. ती खूण कधीही नळीच्या बाहेर दिसता कामा नये. हा नियम गमतीने घेऊ नका.

दुसरी गोष्ट, सीट वर जाताना मागेही जाते, कारण तिची नळी तिरपी असते. नळीचा जमिनीशी कोन ७३ अंश धरा. ७८ सें.मी. पायाच्या स्वाराची सीट ६८.९ सें.मी. लांबीवर येते, म्हणजे पेडलांच्या आसामागे ६८.९ × कोज्या ७३° = २०.१ सें.मी. तर ९० सें.मी. पायाच्या स्वाराची सीट ७९.५ × कोज्या ७३° = २३.२ सें.मी. मागे जाते. मागच्या चाकाचा आस मात्र दोघांसाठीही पेडलांच्या आसामागे सुमारे ४३ सें.मी. वरच आहे. उंच स्वार असा मागच्या चाकाच्या डोक्यावर जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट, हँडल होते तेथेच राहते. सीट वर आणि मागे गेली, म्हणून स्वाराला पुढे आणि खाली वाकावे लागते. मग पाठ, मान आणि मनगटे तक्रार करतात. उभे राहून पेडल मारू लागले, तर जागा पूर्वीइतकीच अपुरी.

चढणीवर पुढचे चाक का उचलते?

दुसऱ्या गोष्टीचा परिणाम चढणीवर दिसतो. स्वार आणि सायकल यांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून ४० सें.मी. पुढे आणि जमिनीपासून ११० सें.मी. वर आहे असे धरा. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा त्या टेकण्याच्या जागेच्या मागे गेली, की पुढचे चाक उचलणार. चढाच्या कोनाची स्पर्शज्या ४० ÷ ११० = ०.३६ झाली, म्हणजे सुमारे २० अंशांवर, हे घडेल. आता उंच स्वार लहान सांगाड्यावर बसवा. त्याचा गुरुत्वमध्य १२० सें.मी. वर आणि फक्त ३६ सें.मी. पुढे आहे असे समजा. ३६ ÷ १२० = ०.३०, म्हणजे साधारण १७ अंशांवरच चाक उचलेल. प्रत्यक्षात पेडलच्या हिसक्याने ते त्याहूनही आधी उचलते. उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर उंच गुरुत्वमध्य याच कारणाने स्वाराला हँडलवरून पुढे फेकू पाहतो.

उपाय आकृतीतच दिसतो. उंची कमी करता येत नाही, पण लांबी वाढवता येते. गुरुत्वमध्य १२० सें.मी. वरच राहिला, पण ४४ सें.मी. पुढे आला, तर ४४ ÷ १२० = ०.३७, म्हणजे पुन्हा २० अंश. यासाठी मोठ्या मापाचा सांगाडा लांब हवा आणि सीटची नळी अधिक उभी हवी. कोन ७३ ऐवजी ७६ अंश केला, तर ९० सें.मी. पायाच्या स्वाराची सीट २३.२ ऐवजी १९.२ सें.मी. मागे राहते. मात्र सीट पुढे आली की हँडलही पुढे न्यावे लागते. म्हणूनच अलीकडच्या सांगाड्यांत उभी नळी आणि लांब रीच या गोष्टी जोडीने आढळतात.

दुकानात गेल्यावर

स्वतःच्या पायाची आतली लांबी कागदावर लिहून न्या. 'लार्ज', 'एक्स्ट्रा लार्ज' या चिठ्ठ्यांवर विसंबू नका. एका कारखान्याचे 'लार्ज' दुसऱ्याच्या 'एक्स्ट्रा लार्ज' एवढे असू शकते. कारखान्याचा मापांचा तक्ता मागा आणि त्यातील रीच व स्टॅकचे आकडे ताडून पाहा. मग सायकलच्या दांड्यावरून दोन्ही पाय टेकून उभे राहा. वरची नळी आणि शरीर यांत निदान ५ सें.मी. जागा हवी. आता सीट सूत्राप्रमाणे बसवा आणि दांड्यावरील खूण आत आहे ना ते पाहा. शेवटी पेडलांवर उभे राहून थोडे चालवा आणि हँडल पूर्ण वळवून गुडघा लागत नाही याची खात्री करा. दोन मापांमध्ये अडकलात आणि धड-हात लांब असतील, तर मोठे माप घ्या. धड आखूड आणि पाय लांब असतील, तर लहान माप चालेल, पण सीटच्या दांड्याची खूण पाहूनच.

तुमच्या वयात एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी लागते. वाढीच्या वर्षांत आधी पाय झपाट्याने वाढतात आणि धड मागाहून वाढते. आज पायांना बेताची असणारी सायकल दोन वर्षांनी धडाला आखूड पडू शकते. सीट वर करता येईल, पण सांगाडा लांब करता येणार नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी पुस्तक आणि टेप घेऊन भिंतीपाशी उभे राहा. गुडघा दुखू लागला, तर दोष गुडघ्याचा आहे असे मानण्यापूर्वी सीट मोजा.

स्वाध्याय

१. वर्गातील दहा विद्यार्थ्यांची उंची आणि पायाची आतली लांबी मोजा. दोहोंचे गुणोत्तर सर्वांचे सारखे येते का?

२. तुमच्यासाठी सीटची उंची काढा आणि तुमच्या आजच्या सायकलवरील उंचीशी ताडून पाहा. फरक किती आला?

३. पायाची आतली लांबी ९६ सें.मी. असलेल्या स्वाराची सीट ७३ अंशांच्या नळीवर किती मागे जाईल? ती २० सें.मी. वर आणायची, तर नळीचा कोन किती हवा?