आकडा बरोबर, रेषा चुकीच्या जागी

ड्रॉइंगवरचा आकडा बरोबर असूनही जॉब चुकतो, हे नव्या ड्राफ्ट्समनला सांगून पटत नाही. सॉफ्टवेअरने मोजलेलं माप चुकेल कसं? माप चुकत नाहीच. ते कोणत्या भोकाचं आहे, हे वाचणाऱ्याला चुकीचं कळतं. एका रिजेक्शनच्या चौकशीत मी हे जवळून पाहिलं. तेव्हापासून ड्रॉइंग तपासताना माझी नजर आकड्यांआधी रेषांवर जाते.

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपने माउंटिंग प्लेट्सची बॅच करून दिली होती. प्लेटवर भोकांच्या दोन ओळी. डाव्या कडेपासून वरच्या ओळीतलं पहिलं भोक ८६ मिमीवर हवं होतं आणि खालच्या ओळीतलं ९४ वर. प्लेट्स आल्या त्या नेमक्या उलट. ‘ऑपरेटरला ड्रॉइंग वाचता येत नाही’ असा ठपका ठेवून मंडळी मोकळी झाली होती. मी मशीनपाशी अडकवलेली प्रिंट मागून घेतली.

ए-१ शीटवर काढलेलं ते ड्रॉइंग ए-३ कागदावर छापलेलं होतं. ९४ ची डायमेन्शन लाइन व्ह्यूच्या जवळ होती आणि ८६ ची तिच्या बाहेर. त्यामुळे ८६ ची एक्स्टेन्शन लाइन बाहेर जाताना ९४ च्या डायमेन्शन लाइनला छेदत होती. दोन डायमेन्शन लाइन्समध्ये जेमतेम दोन मिलिमीटर अंतर. तो छेद आणि ९४ चा बाण इतके लागून आले होते की बाण कोणत्या रेषेला टेकलाय, हे पाहायला भिंग लागलं. पहिला नग तपासणाऱ्यानेही तीच प्रिंट तशीच वाचली आणि नग पास केला. ऑपरेटरकाकांना त्या दिवशी जे ऐकून घ्यावं लागलं, त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

हे होतं कसं, ते समजून घ्या. ऑटोकॅडच्या ‘आयएसओ-२५’ या तयार स्टाइलमध्ये अक्षरांची उंची २.५ मिमी आणि बेसलाइन स्पेसिंग ३.७५ मिमी असतं. ए-१ वरून ए-३ वर आलं की प्रत्येक लांबी निम्मी होते: अक्षरं सव्वा मिलिमीटरची, रेषांतलं अंतर दोनपेक्षाही कमी. पडद्यावर हे कधी जाणवत नाही, कारण तिथे आपण झूम करून बसलेलो असतो. शिवाय बेसलाइन कमांड तुम्ही ज्या क्रमाने क्लिक कराल त्याच क्रमाने मापं बाहेर रचत जाते. लहान कोणतं, मोठं कोणतं, हे ती पाहत नाही. लांबचं भोक आधी क्लिक केलं की मोठं माप आत जाऊन बसतं.

म्हणून लहान माप व्ह्यूच्या जवळ, मोठं त्याच्या बाहेर आणि एकूण लांबी सगळ्यात बाहेर. हा क्रम पाळला की एका कडेपासून घेतलेल्या मापांत एक्स्टेन्शन लाइन दुसऱ्या डायमेन्शन लाइनला छेदायला जातच नाही. दोन एक्स्टेन्शन लाइन्स एकमेकींना छेदल्या तर चालतं, दोन डायमेन्शन लाइन्स मात्र छेदू देऊ नका. अंतराबाबत अमेरिकेचं एएसएमई वाय १४.५ हे मानक पहिली रेषा आउटलाइनपासून किमान १० मिमीवर आणि पुढच्या एकमेकींपासून किमान ६ मिमीवर ठेवायला सांगतं. प्रिंट निम्म्या आकारात निघणार हे माहीत असेल, तर माझ्या मते ६ पुरत नाहीत. मी ९ ते १० ठेवायला सांगतो आणि अक्षरं ५ मिमीची घ्यायला लावतो. आधीच दाटी झालेली असेल तर ऑटोकॅडमध्ये डिमस्पेस कमांड आहे, ती समांतर मापं समान अंतरावर आणते. तिच्या ‘ऑटो’ पर्यायावर विसंबू नका. तो अक्षरांच्या उंचीच्या दुप्पट अंतर धरतो, म्हणजे अडीचच्या अक्षरांना फक्त ५ मिमी. आकडा स्वतः टाका.

दाटी मोडण्यासाठी एक वाईट सवय सर्रास दिसते, तिचा मला खरंच राग येतो. माप हवं तिथे सरकत नाही म्हणून ते एक्सप्लोड करतात. रेषा, बाण, आकडा सुटे झाले की हवे तिथे ठेवता येतात, पण त्यांचा भूमितीशी संबंध तुटतो. पुढच्या रिव्हिजनमध्ये भोक सरकतं, आकडा जुनाच राहतो आणि तो खोटा आहे हे कागदावर कुणालाही दिसत नाही. आकडा हलवायचा असेल तर ग्रिपने हलवा किंवा डिमटीमूव्हचं मूल्य १ करा, म्हणजे आकडा बाजूला नेल्यावर त्याला लीडर जोडली जाते.

प्लेटवर भोकं खूप असतील तर रेषांची चळत रचूच नका. एक कोपरा शून्य धरून ऑर्डिनेट मापं द्या. डायमेन्शन लाइनच उरत नाही, प्रत्येक भोकासमोर त्याचा आकडा येतो आणि डीआरओ किंवा सीएनसीवर काम करणाऱ्याला तो तसाच टाकता येतो. कोपऱ्यातल्या बारीक खाचांसाठी मोठ्या स्केलचा डिटेल व्ह्यू काढा. भोकाची जागा ते गोल दिसतं त्याच व्ह्यूमध्ये द्या, हिडन लाइनवर माप लटकवू नका.

ड्रॉइंग सोडण्याआधी शॉपमध्ये जाईल त्याच आकाराची प्रिंट काढा आणि ते ड्रॉइंग न काढलेल्या माणसाला द्या. त्याने प्रत्येक मापाच्या दोन्ही बाणांवरून पेन्सिल फिरवत ती रेषा भोकापर्यंत न्यायची. तुम्ही शेजारी बसून काही सांगायचं नाही. जिथे पेन्सिल थबकेल तिथलं माप हलवायचं. मग ती अंतरं आणि अक्षरांची उंची टेम्पलेट फाइलच्या डायमेन्शन स्टाइलमध्ये जतन करून ठेवा, नाहीतर पुढच्या नव्या ड्रॉइंगमध्ये ३.७५ पुन्हा येऊन बसलेलं असेल.