न मागितलेली जार

चि. सायलीस,


पॉममध्ये कॉमन्स-लॉगिंगचं नावही नसताना ती जार वॉरमध्ये येते कशी, असं तू विचारलंस. ती स्प्रिंगने आणली. तुमचा प्रकल्प स्प्रिंग ४ वर आहे, तिथे स्प्रिंग-कोअरला कॉमन्स-लॉगिंग लागते. आणि तू मागितलेल्या जारला जे जे लागतं, ते मेव्हन न विचारता उतरवून घेतं.

लगेच एक्सक्लूजन टाकायला धावू नकोस. आधी डिपेंडन्सी-ट्री काढ आणि नको असलेली जार किती वाटांनी येते ते बघ. एक्सक्लूजन फक्त तू लिहिशील त्याच डिपेंडन्सीपुरतं चालतं. दुसऱ्या कुणी तीच जार आणली, की ती परत हजर. म्हणून एन्फोर्सर प्लगइनमध्ये तिच्यावर बंदी घाल, म्हणजे बिल्ड तिथेच अडेल. शिवाय ती नुसती काढलीस तर स्प्रिंगला लॉगिंगचे क्लास सापडणार नाहीत, अॅप सुरूच होणार नाही. तिच्या जागी जेसीएल-ओव्हर-एसएलएफ४जे घाल, त्यात त्याच नावाचे क्लास आहेत.

जार हवी पण आवृत्ती चुकीची, असं असेल तर एक्सक्लूजन नकोच. डिपेंडन्सी-मॅनेजमेंटमध्ये आवृत्ती बांधून टाक. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या तर मेव्हन नवी घेत नाही, झाडात मुळाला जवळची घेतं. (ग्रेडल सहसा सर्वांत वरची घेतं, दोन्हींत गल्लत करू नकोस.) मेव्हनने घेतलेली जवळची आवृत्ती जुनी निघाली, तर बिल्ड बिनबोभाट पार पडतो आणि सर्व्हरवर भलत्याच वेळी नोसचमेथडएरर उगवतो.

हा नीटनेटकेपणाचा हट्ट नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे २ मधलं लॉग४शेल हे भगदाड उघड झालं, तेव्हा कित्येक टीमना आपल्याकडे ती जार आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मागून आलेली होती. दुरुस्ती म्हणून २.१५.० आली, तीही पुरली नाही. महिना संपायच्या आत २.१७.१ पर्यंत जावं लागलं. ज्यांना आपलं झाड माहीत होतं, त्यांचं निम्मं काम तिथेच झालेलं होतं.

प्रत्येक एक्सक्लूजनच्या वर ते का केलं, याची एक ओळ लिही. तुझ्यानंतर येणाऱ्याला ते काढायचं की ठेवायचं, हे त्याशिवाय कळणार नाही.

आता तुमच्या प्रकल्पाचं पूर्ण झाड काढ, कॉमन्स-लॉगिंग जिथे जिथे आहे तिथे खूण कर आणि मला पाठव.

तुझी,
मावशी