इंग्रजी शब्दांतील आघात

इंग्रजी शब्द शिकतांना आपण त्याचें स्पेलिंग घोकतों व अर्थ पाठ करतों. या दोहोंबरोबर शिकावयाची आणखी एक गोष्ट असते. परंतु लेखी परीक्षेंत तिची फारशी विचारपूस होत नसल्यामुळें विद्यार्थ्यांचें तिकडे दुर्लक्ष होतें. ती गोष्ट म्हणजे आघात. उच्चार करतांना शब्दाचे जे तुकडे पडतात, त्यांस अवयव म्हणतात. इंग्रजी शब्दास एकाहून अधिक अवयव असले, तर त्यांपैकीं एकावर आवाजाचा विशेष जोर पडतो. या जोरासच आघात म्हणतात.

मराठींत आपण शब्दाचे सर्व अवयव जवळजवळ सारख्याच जोरानें उच्चारतों. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' या जोड्यांत अर्थ पालटतो तो ह्रस्वदीर्घामुळें, आघातामुळें नव्हे. म्हणून आघात ही आपणांस केवळ बोलण्याची ढब वाटते. इंग्रजींत मात्र तो शब्दाचा घटकच आहे.

'प्रेझेंट' हा शब्द घ्या. पहिल्या अवयवावर आघात केला, तर त्याचा अर्थ 'भेटीची वस्तु' किंवा 'हजर' असा होतो. दुसऱ्यावर केला, तर उच्चार 'प्रिझेंट' असा होऊन अर्थ 'अर्पण करणें' असा होतो. 'डेझर्ट' म्हणजे वाळवंट, तर 'डिझर्ट' म्हणजे सोडून जाणें. 'रेफ्यूस' म्हणजे केरकचरा, तर 'रिफ्यूझ' म्हणजे नाकारणें. स्पेलिंग एकच, परंतु आघात हलतांच स्वरहि पालटतो व अर्थहि. 'इन्व्हॅलिड' या शब्दांत मधल्या अवयवावर जोर असला, तर 'रद्द, निरुपयोगी' असा अर्थ होतो. तोच जोर पहिल्यावर दिला, तर 'आजारानें पंगु झालेला मनुष्य' असा होतो. विलायतेंत तिकिटाच्या खिडकीपाशीं कोणी या दोहोंची अदलाबदल केली, तर आपलें तिकीट आजारी आहे, असें सांगितल्यासारखें होईल!

या जोड्यांत एक नियम दिसतो. दोन अवयवांचा शब्द नाम असतां आघात बहुधा पहिल्यावर पडतो, व क्रियापद असतां दुसऱ्यावर. 'रेकॉर्ड', 'ऑब्जेक्ट', 'कंडक्ट' हीं याचीं उदाहरणें होत. परंतु हा नियम सर्वत्र लागत नाहीं. 'रिपोर्ट' हा शब्द नाम असो वा क्रियापद, आघात दुसऱ्यावरच. 'आन्सर' या शब्दांत दोन्ही वेळां पहिल्यावरच.

याचें मूळ इतिहासांत आहे. इंग्रजीच्या मूळच्या शब्दांत आघात बहुधा आरंभीं असे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून, व पुढें लॅटिनमधून, असंख्य शब्द आले. त्यांचा कल शेवटाकडे आघात देण्याचा होता. कालांतरानें पुष्कळ नामांचा आघात पुढें सरकला, क्रियापदांचा जागींच राहिला. १५७० सालच्या पीटर लेव्हिन्सच्या कोशांत अशा जोड्या तीनच सांपडतात. 'रेकॉर्ड' ही त्यांपैकीं एक. १९३४ पर्यंत त्यांची संख्या दीडशेंच्या घरांत गेली होती.

दोन शब्द जोडले असतांहि आघात अर्थ ठरवितो. 'ब्लॅकबर्ड' यांत जोर 'ब्लॅक'वर असला, तर तो एका विशिष्ट पक्ष्याचें नांव आहे. 'बर्ड'वर असला, तर कोणताहि काळा पक्षी. कावळा हा काळा पक्षी खरा, पण तो ब्लॅकबर्ड नव्हे. त्याचप्रमाणें 'इंग्लिश टीचर' यांत 'इंग्लिश'वर जोर दिला, तर इंग्रजी विषय शिकविणारा. 'टीचर'वर दिला, तर इंग्लंडचा रहिवासी असलेला शिक्षक.

वाक्यांतहि हेंच चालतें. 'माझ्या भावानें तुझें पुस्तक नेलें नाहीं' हें इंग्रजींत सांगतांना 'भाऊ' या शब्दावर जोर दिला, तर दुसऱ्या कोणी नेलें असें सुचतें. 'तुझें' या शब्दावर दिला, तर दुसऱ्याचें नेलें असें. आपण अशा वेळीं शब्दांची जागा बदलतों, किंवा 'च', 'तर', 'हि' हीं अव्ययें जोडतों. हीं अव्ययें जें काम करतात, तें इंग्रजींत पुष्कळदां केवळ आवाज करतो.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं काय करावें? मराठींत नामाबरोबर जसें त्याचें लिंग शिकावें लागतें, तसा इंग्रजी शब्दाबरोबर त्याचा आघातहि शिकावा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपि वापरणाऱ्या कोशांत आघाताच्या अवयवापूर्वीं वरच्या बाजूस लहानशी उभी रेघ असते. कांहीं कोशांत आघाताची खूण अवयवानंतर येते. म्हणून कोशाच्या आरंभींच्या सूचना अवश्य वाचाव्या. आतां तर कित्येक कोशांत उच्चार ऐकण्याचीहि सोय आहे.

आघात चुकला, तर व्याकरणशुद्ध वाक्यहि ऐकणारास कळत नाहीं, आणि बिचारा विद्यार्थी आपणांस इंग्रजी येतच नाहीं असें समजून बोलणेंच सोडतो. हा बुद्धीचा दोष नव्हे. कानास लागलेली सवय आहे, आणि ती पालटतां येते. पालकांनींहि यास हातभार लावावा. एकच शब्द आधीं नाम म्हणून व मग क्रियापद म्हणून मुलाकडून मोठ्यानें म्हणवून घ्यावा, व दोन उच्चारांत भेद ऐकूं येतो कीं नाहीं तें पाहावें. तेवढें ओळखण्यास स्वतःला इंग्रजी यावेंच लागतें, असें नाहीं.