हॉलमधली पिवळी पट्टी

दिवाळीच्या बोनसमधून खेळायचा व्हीआर हेडसेट आणलास, बरं केलंस. पोरं सोफ्यावर लोळत बोटं चालवतात, त्यापेक्षा घाम गाळलेला चांगला. पण माझी अख्खी नोकरी भोसरीच्या शेडमध्ये गेली, सेफ्टी कमिटीतही बसलो. त्यामुळे खोड जात नाही : नवं मशीन आलं की आधी त्याच्या भोवतालची जागा बघायची. तू चाकणला लाइनवर आहेस, रोबोटला जाळी का असते ते तुला सांगायला नको. जाळीचं दार उघडलं की रोबोट जागच्या जागी थांबतो. हेडसेट चढवलेला माणूस म्हणजे जाळी नसलेला रोबोट. हात जोरात फिरतात आणि समोर कोण आलंय ते दिसत नाही. हे ध्यानात ठेवलंस तर पुढचं सगळं तुझं तुलाच सुचेल. तरी सांगतो, ऐकून ठेव.

आधी पट्टी, मग खेळ. तुझा हॉल दहा बाय पंधराचा. सोफा, टीव्ही युनिट, शू-रॅक वजा जाता मोकळं काय उरतं ते टेप लावून मोज, अंदाजपंचे नको. असे हेडसेट उभ्यानं, हिंडून-फिरून वापरायचे तर किमान दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांचा चौकोन मोकळा लागतो. तेवढा निघत नसेल तर बसून खेळायचे खेळ घे, त्यात कमीपणा नाही. २०१० साली अंगाच्या हालचालींवर खेळायचं काइनेक्ट आलं तेव्हा त्यालाही एकट्या खेळाडूनं सहा फूट आणि दोघांनी आठ फूट लांब उभं राहावं लागायचं. आपल्याकडच्या कितीतरी हॉलमध्ये तेवढ्यात पाठ सोफ्याला टेकते.

जागा ठरली की कडेनं पिवळी टेप मार, शॉपफ्लोअरवर मारतो तीच. ही पट्टी खेळणाऱ्यासाठी नाही, त्याला ती दिसतच नाही. ती घरातल्या बाकीच्यांसाठी आहे. खेळणाऱ्यासाठी चौकोनाच्या मधोमध न सरकणारी छोटी रबरी मॅट टाक. अनवाणी पायाला मॅटची कड लागली की आपण भलतीकडे निघालोय हे कळतं. हेडसेट स्वतःही हद्दीची रेघ दाखवतो, पण आखणी झाल्यावर कुणी तिपाई सरकवली किंवा लेकरू रांगत आत आलं, तर ते त्याच्या ध्यानात येईलच असं धरून चालू नकोस.

आता वर बघ. परदेशातल्या सूचनांत टेबल-खुर्च्या असतात. आपल्याकडे डोक्यावर पंखा असतो. पाती जमिनीपासून आठ फुटांवर धर. पाच फूट आठ इंचाचा माणूस हात वर करतो तेव्हा बोटं सव्वासात फुटांच्या पुढे जातात. त्यात हातातला कंट्रोलर, त्यात एक उडी. हिशेब तूच कर. चौकोन पंख्याखालून बाजूला घे. ते जमत नसेल तर खेळ संपेपर्यंत पंखा बंद ठेवून टेबलफॅन लाव, आणि उड्या मारायचे खेळ त्या खोलीत नकोतच. बंद पंख्यावर हात आपटला तरी मोडायचं ते मोडतंच.

पायात मोजे नकोत. व्हिट्रिफाइड टाइलवर मोजा म्हणजे तेल सांडलेली फरशी. लादी पुसली असेल तर वाळू दे. सतरंजी सरकते, ती गुंडाळून ठेव. काचेची तिपाई बेडरूममध्ये जाऊ दे. गॅलरीचं दार लावून कडी घाल. हॉलमध्येच देव्हारा असेल तर दिवा शांत झाल्याशिवाय खेळ सुरू नाही.

दोरी मनगटात, मगच कंट्रोलर हातात. २००६ साली हातातला रिमोट फिरवून खेळायचा निन्टेन्डोचा वी हा गेम कन्सोल आला आणि लोकांच्या हातातून रिमोट सुटून टीव्हीवर आदळू लागले. त्याच डिसेंबरात कंपनीनं सुमारे ३२ लाख दोऱ्या जाड दोरीनं बदलून द्यायचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी रिमोटला मऊ सिलिकॉनचं कव्हरही फुकट दिलं. दोरी जाड झाली, पण मनगटात अडकवायचं काम आजही आपलंच आहे. मे महिन्यात तळहाताला घाम सुटतो, शेजारी नॅपकिन ठेव.

एक माणूस बाहेर उभा पाहिजे. तो मोबाइल बघत बसलेला चालणार नाही. त्याचं काम एकच : पट्टीच्या आत कुणी पाऊल टाकलं की ‘थांब’ म्हणायचं. आणि ‘थांब’ ऐकू आलं की खेळणाऱ्यानं हात छातीशी घ्यायचे, स्कोअर गेला तर गेला. आवाज कानावर पडला पाहिजे, म्हणून दोन्ही कान हेडफोननं झाकू नयेत. मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, दचकून तो कोपर मारेल. आधी नावानं हाक मारायची. वहिनींना स्वयंपाकघरात जायचं असेल तर खेळ थांबेल, वहिनी वळसा घालणार नाहीत.

खांद्याला जप. २००७ साली ज्यूलिओ बोनिस या स्पॅनिश डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक पत्र छापलं. वीवर तासन्‌तास टेनिस खेळून दुसऱ्या दिवशी उजवा खांदा धरला, अशी ती केस. त्यातली गोम अशी की खऱ्या टेनिसमध्ये दम लागतो म्हणून माणूस थांबतो. इथे बॅट हलकी, बॉलला वजन नाही, थांबवणारं कुणीच नाही. म्हणून घड्याळ लाव : अर्धा तास झाला की दहा मिनिटं सुट्टी. सुरू करण्याआधी खांदे, मनगटं, मान फिरवून घे. मळमळलं, गरगरलं तर नेटानं पुढे खेळायचं नाही, आणि लगेच बाइकची किल्लीही उचलायची नाही.

वय बघ. हेडसेट बनवणारी मेटा कंपनी दहा वर्षांखालच्या मुलांना परवानगी देत नाही, आणि त्यापुढेही तेरापर्यंत आईबापांच्या देखरेखीतलं खातं लागतं. सोनीच्या व्हीआरला बारा पूर्ण लागतात. धाकटीला अजून वेळ आहे, तिची समजूत तूच काढ. हेडसेट वापरून झाला की गॅलरीच्या उन्हात ठेवू नकोस, भिंगातून ऊन एकवटून आतला पडदा जळतो.

खालच्या मजल्याचा विचार कर. आपल्या पट्ट्यात दुपारी दोनला अर्धी बिल्डिंग झोपलेली असते, कारण ती रात्रपाळी करून आलेली असते. खालचे भाऊ कुठल्या पाळीला आहेत ते विचारून ठेव आणि उड्यांची वेळ त्यावर बसव. रिंग फिटसारख्या व्यायामाच्या खेळात आवाज न करायची सोय असते. धावण्याऐवजी गुडघे वाकवायचे. तीही वापर.

आणि शेवटचं. कंपनीत कुणाला लागलं नाही तरी नियर मिस लिहून घेतात, ते का? आज थोडक्यात वाचला तो उद्या वाचेलच असं नाही म्हणून. घरीही तसंच कर. पोराचा हात शोकेसला घासून गेला आणि काच शाबूत राहिली, तर त्याच्यावर डाफरू नकोस. डाफरलास तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि तुला कळेल ते थेट दवाखान्यात. ‘कुठे लागणार होतं रे?’ एवढंच विचार, मग दोघं मिळून टेप उचला आणि पट्टी फूटभर अलीकडे मारा.