मुंबईची रसवंती : नकाशावरील नोंद कशी करावी?



ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडतो, तसाच तो मुंबईच्या चरकातही पडतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत रसवंतीगृह चालवणारे आपल्या गावाकडचे लोक आहेत. कुणाचा धाकटा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाचा पुतण्या. हा धंदा उन्हाळ्याचा. होळीपासून मृगापर्यंत जे गिऱ्हाईक येईल त्यावर वर्षाचा मेळ बसवायचा. त्या तीन-चार महिन्यांत दुकान गिऱ्हाइकाला सापडलं नाही, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इलाज नाही. म्हणून हा धडा.

पूर्वी चरकाच्या घुंगरांचा आवाज ऐकून माणूस वळायचा. आजही वळतो. पण आता बरेच लोक आधी हातातल्या मोबाईलला विचारतात, “जवळ उसाचा रस कुठं मिळेल?” मोबाईल चार दुकानं दाखवतो. त्या चारांत आपलं नसेल, तर शेजारच्या गल्लीतलं गिऱ्हाईकही दुसरीकडे जातं.

इथे रसवंतीवाल्यांची एक खास अडचण आहे. ती म्हणजे नाव. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ कानिफनाथांचे प्रसिद्ध ठाणे आहे. त्या भागातील मंडळी रसाच्या धंद्यासाठी मुंबई-पुण्यास गेली आणि त्यांनी दुकानाला आपल्या दैवताचे नाव दिले. पुढे ‘कानिफनाथ’ आणि ‘नवनाथ’ ही रसवंतीची जणू ओळखच झाली. नाव चांगलेच आहे, ते बदलण्याचे कारण नाही. परंतु एकाच नावाची इतकी दुकानं असल्यावर आपलं कोणतं, हे नावावरून कळत नाही. ते नोंदीवरून कळते.

नोंदीचे महत्त्व ऊसवाल्याला सांगायला नको. लागणीची तारीख, गट नंबर, क्षेत्र आणि जात, मग ती को ८६०३२ असो की फुले २६५, ही माहिती शेतकी खात्याकडे बरोबर गेली तर तोड वेळेवर मिळते. चुकली तर ऊस उभाच राहतो. नकाशावरील दुकानाचेही तसेच आहे. गूगलने २०१४ साली ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने दुकानदारांसाठी नोंदीची सोय केली. २०२१ पासून तिला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. या नोंदीला एक पैसाही पडत नाही.

कोणते दुकान वर दाखवायचे, हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवते. पहिली जुळणी : गिऱ्हाईक जे शोधते आहे, तेच आपण विकतो का? दुसरी अंतर : शोधणारा उभा आहे तिथून दुकान किती लांब? तिसरी नावलौकिक : दुकानाची किती लोकांना माहिती आहे, किती जणांनी अभिप्राय दिले, ते कसे आहेत? यांतील अंतर आपल्या हातात नाही. बोरिवलीची रसवंती मुलुंडच्या माणसाला पहिली दिसणार नाही, आणि दिसून उपयोगही नाही. बाकीच्या दोन गोष्टी मात्र कष्टाने सुधारतात. आता काय करायचे ते क्रमाने पाहू.

१) खाते मालकाच्या नावे काढावे. दुकानातल्या पोऱ्याच्या किंवा एखाद्या दलालाच्या खात्यावर नोंद करू नये. पोऱ्या गेला की नोंदही गेली. रान आपलं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी गत होते. त्याआधी नकाशावर आपल्या दुकानाची नोंद कोणी करून ठेवली आहे का ते पाहावे. असल्यास तिच्यावरच मालकी सांगावी, दुसरी नवी काढू नये.

२) नाव पाटीवर आहे तेच लिहावे. ‘कानिफनाथ रसवंती अंधेरीतील सर्वांत उत्तम स्वस्त ताजा रस’ असली शेपटी लावली की नियमभंग होतो आणि नोंद रोखली जाऊ शकते.

३) प्रकार नेमका निवडावा. यादीत रसाच्या दुकानाचा वेगळा प्रकार आहे. ‘रेस्टॉरंट’ निवडू नये. वर्णनात आणि पदार्थांच्या यादीत ‘उसाचा रस’ लिहावे, तसेच ‘शुगरकेन ज्यूस’ही लिहावे. उपनगरात मराठीबरोबर गुजराती, हिंदी, तमीळ बोलणारेही राहतात. आपल्याकडे काय मिळतं हे त्यांनाही वाचता क्षणी कळलं पाहिजे.

४) खूण दाराशीच लावावी. ही बाब मुंबईत फार मोलाची. रेल्वेच्या रुळांनी प्रत्येक उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. खूण रुळाच्या दुसऱ्या अंगाला पडली, तर उन्हात पूल चढून कोण येणार? पत्त्यातही ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ हे लिहावेच. महात्मा गांधी रस्ता गोरेगावात आहे, घाटकोपरात आहे आणि मुलुंडातही आहे. म्हणून पिनकोड बरोबर हवा. मुलुंड पश्चिम ४०००८०, तर मुलुंड पूर्व ४०००८१. एका आकड्यात गाव बदलतं.

५) पडताळणी पुरी करावी. बहुतेक वेळा मोबाईलवर चित्रफीत मागतात. तीत रस्ता, पाटी, आतला चरक आणि दुकान आपणच चालवतो याचा पुरावा दिसावा लागतो. पडताळणी झाल्याशिवाय नोंदीवर आपला ताबा येत नाही.

६) वेळ खरी लिहावी. रात्री ११ पर्यंत उघडे लिहून ९ ला कुलूप लावलं, तर आलेला माणूस पुन्हा येत नाही. पावसाळ्यात दुकान बंद ठेवणार असाल तर ‘तात्पुरते बंद’ अशी खूण करावी आणि हंगाम सुरू होताच काढावी. ‘कायमचे बंद’ चुकूनही दाबू नये.

७) फोटो आपल्याच दुकानाचे टाकावेत. पाटी, धुतलेला चरक, सोललेला ऊस, झाकलेला बर्फ, आलं-लिंबू. रसाच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका स्वच्छतेची असते. ती फोटोनं जाते. अर्थात दुकान आधी स्वच्छ हवं!

८) अभिप्राय मागावेत, विकत घेऊ नयेत. रस आवडला तर “चार शब्द लिहा” असं सांगायला हरकत नाही. पण अभिप्रायाच्या बदल्यात फुकट ग्लास किंवा सूट देणे गूगलच्या नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे. कोणी तक्रार लिहिली तर भांडू नये. सौम्य शब्दांत उत्तर द्यावे आणि दोष दुरुस्त करावा. ते उत्तर तक्रार करणारा एकटाच वाचत नाही, पुढची शंभर गिऱ्हाइकंही वाचतात.

आता सावधगिरीच्या दोन गोष्टी.

पहिली : “गूगलमधून बोलतोय, इतके पैसे भरा, तुमचं दुकान पहिल्या नंबरला आणतो” असे फोन येतात. वर सांगितलेल्या स्थानिक यादीतील क्रम पैसे देऊन मिळत नाही. जाहिरात निराळी आणि तिच्यावर तसा शिक्का असतो. अशा फोनवर पैसे देऊ नयेत, ओटीपी तर मुळीच सांगू नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

दुसरी : नकाशावरील माहितीत बदल कोणीही सुचवू शकतो. २०१८ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेचे फोन नंबर नकाशावर बदलून लोकांना फसवल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. जिथे बँकेचे नंबर बदलले गेले, तिथे रसवंतीची काय कथा? म्हणून पंधरा दिवसांतून एकदा आपला नंबर, वेळ आणि खूण तपासावी. उसाला पाणी देऊन झाल्यावरही बांधावरून एक फेरी मारतोच ना आपण!

फायदा किती झाला हे कळण्याचीही सोय आहे. नोंदीच्या खात्यात महिन्याला किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला याचे आकडे दिसतात. ते वहीत उतरून ठेवावेत. काट्यावर वजन केल्याशिवाय उतारा किती पडला हे जसं कळत नाही, तसंच हेही आहे.

ध्यानात ठेवायचे ते एवढेच की, नोंद गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणते. दुसरा ग्लास मागवतो तो रस. ज्यांची माणसं मुंबईत हा धंदा करतात, त्या सभासदांनी हा अंक वाचून झाल्यावर त्यांच्याकडे जरूर धाडावा. या कामाला अर्धा दिवस पुरतो, आणि तो चरक सुरू होण्याआधी, थंडीतच काढलेला बरा.