सॉफ्टवेअर बनवून घेताना: कोटेशनबाहेरचा खर्च

नवी मुंबईत बेलापूर स्टेशनच्या इमारतीत आणि सेक्टर 11, 15 मधल्या टॉवरांत सॉफ्टवेअर कंपन्यांची कमतरता नाही. न्हावा-शेवा बंदरावर काम असलेल्या एखाद्या क्लिअरिंग एजंटाने कंटेनरचा हिशेब एक्सेलमधून काढून स्वतःच्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं, तर कोटेशनं सहज मिळतील. पण शेवटची रक्कम बघून निवड करू नका.

कोटेशनचा पाया मॅन-मंथ. समजा, तीन जण चार महिने काम करणार आणि दर माणशी महिना दीड लाख रुपये, तर झाले 18 लाख. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख 24 हजार. तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर बहुधा याचं इनपुट क्रेडिट मिळतं; सीएला आधी विचारा. त्या तिघांत अनुभवी किती, जुना डेटा कोण भरणार, टेस्टिंग धरलंय का, हे लेखी घ्या. काम सुरू झाल्यावर बदल सुचणारच, म्हणून चेंज रिक्वेस्टचा आणि एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) दर सही करण्याआधीच ठरवा. नंतर घासाघीस करायला जागा उरत नाही.

सॉफ्टवेअर ज्या क्लाउडवर चालेल, त्याचं बिल मात्र दर महिन्याला येत राहतं. अ‍ॅमेझॉनने 2016 मध्ये आपल्या क्लाउडचा मुंबई विभाग सुरू केला. तिथला साधा सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतो आणि महिन्याचे तास भरतात सुमारे 730. टेस्टिंगचा सर्व्हर दिवसाला 10 तास, महिन्याचे 22 दिवस चालवला, तर लागतात 220. उरलेला वेळ तो बंद ठेवला की त्याचं सत्तर टक्के भाडं वाचतं. डिस्कचं तेवढं चालू राहतं. एवढी साधी गोष्ट, पण कुणाकडे जबाबदारी दिलेली नसेल तर ती होत नाही. किरकोळ वाटणाऱ्या बाबीही बघा. फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही4 पत्त्याला तासाला 0.005 डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण 3.65 डॉलर लागतात. डेटा आत टाकायला पैसे नाहीत, बाहेर इंटरनेटवर पाठवायला आहेत: महिन्याला पहिले 100 जीबी मोफत, पुढे मुंबईतून जीबीमागे सुमारे 11 सेंट. स्कॅन केलेली कागदपत्रं ग्राहक रोज डाउनलोड करणार असतील, तर हा आकडा आधीच काढून घ्या. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा.

क्लाउडचं खातं तुमच्या कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर आणि कंपनीच्याच कार्डावर हवं. सॉफ्टवेअर कंपनीला त्यात वेगळा, मर्यादित प्रवेश द्या. खातं तिच्या नावावर राहिलं, तर उद्या वाद झाल्यावर तुमचाच डेटा मागायला तिच्या दारात उभं राहावं लागेल.

कोडचंही तसंच आहे, आणि इथे भले भले फसतात. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असं नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते आणि बाहेरच्या कंपनीने लिहिलेल्या कोडची मालकी साधारणपणे तिचीच राहते. हक्क तुमच्याकडे यायला लेखी, सही केलेलं हस्तांतरण लागतं. कलम 19 प्रमाणे त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून करारात ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभर’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता सोर्स कोड ताब्यात आल्यावरच सोडा.