सहज कृमी आणि आपली चिकित्सा

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी वर्णिले आहेत. मात्र ही गणना सहज कृमी वगळून केलेली आहे. सहज कृमी हे विकार उत्पन्न न करणारे होत, असा खुलासा टीकाकार चक्रपाणीने केला आहे. आचार्यांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. म्हणून सहज कृमी म्हणजेच आजचे जीवाणू, असे ठामपणे म्हणणे योग्य नव्हे. तथापि शरीरातील प्रत्येक जीव नाशास पात्र नसतो, हा विचार आपल्या शास्त्रास परका नाही.

आपल्या दूधउत्पादक जिल्ह्यातील गोठ्यांत याचा प्रत्यय येतो. नवजात वासराचे पहिले पोट अविकसित असते. वासरू खुराक खाऊ लागले की तेथील सूक्ष्मजीव तो आंबवितात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या ब्युटिरिक आम्लामुळे पोटाच्या अस्तरावरील अंकुर वाढतात. म्हणजेच सूक्ष्मजीव अवयवाच्या घडणीतही सहभागी असतात. पूर्णतः जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या आतड्यांतील रोगप्रतिकारक ऊतीही अपुऱ्या विकसित होतात.

प्रकृतीविषयीचे एक संशोधन पुणे जिल्ह्यातील वढू परिसरातील निरोगी ग्रामस्थांवर झाले. ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. वात, पित्त व कफ या तिन्ही प्रकृतींच्या व्यक्तींच्या आतड्यांतील जीवाणूंची एकंदर रचना सारखीच आढळली. मात्र काही विशिष्ट जीवाणूंचे प्रमाण प्रकृतीनुसार भिन्न होते. हा संबंध उत्साहवर्धक असला तरी त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मलपरीक्षणाने प्रकृती ठरते, असे रुग्णास सांगणे म्हणजे शास्त्राची प्रतिष्ठा पणास लावणे होय.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) अतिसार व ग्रहणीच्या रुग्णास अलीकडे घेतलेल्या प्रतिजैविकांविषयी अवश्य विचारावे.

२) साध्या सर्दी-पडशात प्रतिजैविकाचा उपयोग नसतो, उपकारक जीवाणूंची हानी मात्र होते. परंतु गंभीर जंतुसंसर्गात ते देण्यास विलंब करू नये.

३) ग्रहणीत चरकोक्त तक्र योजताना ते ताजे असावे. उकळल्यास त्यातील उपयुक्त जीवाणू नष्ट होतात.

४) औषध दुकानदारांनी चिठ्ठीविना प्रतिजैविके देऊ नयेत. अनुसूची एच-१ मधील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जतन करणे २०१४ पासून बंधनकारक आहे.

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे. त्या स्वास्थ्यात या सूक्ष्म सहचरांचाही वाटा आहे, हे चिठ्ठी लिहिताना वैद्यबंधूंनी स्मरणात ठेवावे.